कातीव आणि कातारी

मराठी समीक्षेत ‘कातीव’ हे विशेषण मोठ्या सढळपणे वापरले जाते. कथेची रचना कातीव असते, कवितेतील प्रतिमा कातीव असते, क्वचित एखाद्या निबंधाची शैलीही कातीव ठरते. या विशेषणातून आपण साधारणतः तीन गोष्टी सुचवीत असतो. रचनेत फापटपसारा नाही, तिच्या कडा स्वच्छ आहेत आणि ती एकसंध आहे, म्हणजेच तिच्यात कोठे जोड दिसत नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी शब्दाच्या मूळ अर्थाला धरून आहेत. तिसरी मात्र आपण पदरची घातलेली आहे. ‘कातीव’ म्हणजे कातलेले, आणि कातलेले म्हणजे फिरत्या लाकडाला पोलादी हत्याराची धार लावून गोलाईत आणलेले. हे काम करणारा तो कातारी. त्याच्या कामावरून आलेले विशेषण साहित्यात स्थिरावले, पण तो स्वतः आपल्या वाङ्मयीन स्मृतीत उरला नाही. त्याच्या कामाचा इतिहास थोडा तपासला तर ‘एकसंध’ या आपल्या आवडत्या मूल्याकडेही नव्याने पाहावे लागते.

आरंभ शब्दापासूनच करू. ‘कातणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ मोल्सवर्थच्या कोशात शेजारी शेजारी नोंदलेले आहेत: सूत कातणे आणि लाकूड कातणे. हा योगायोग संस्कृतापर्यंत मागे नेता येतो. धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा येतो. तुदादिगणात त्याचा अर्थ छेदन, तर रुधादिगणात वेष्टन. एकाचे रूप कृन्तति, दुसऱ्याचे कृणत्ति. कात्री ही पहिल्या अर्थाची, सूत दुसऱ्या अर्थाचे. मराठीत दोन्ही अर्थ एकाच क्रियापदात मिसळले, आणि कारागिरीच्या दृष्टीने ते रास्तच झाले. दोन्हीकडे काहीतरी फिरत असते आणि फिरण्यातूनच आकार येतो. फरक इतकाच की चातीवर पदार्थ वाढत जातो आणि लेथवर तो कमी होत जातो. विसाव्या शतकात चरखा राष्ट्रीय चळवळीचे प्रतीक झाला आणि ‘कातणे’ म्हणजे सूत कातणे हा अर्थ जनमानसात इतका ठसला की दुसरा अर्थ मागे पडला. वास्तविक लाकडी चरख्याचा कणा आणि मूठ हीदेखील कातलेलीच असतात. लाकूड आधी कातले गेले, म्हणून सूत कातता आले.

हे दोन अर्थ एकाच गावात नांदताना पाहायचे असतील तर भिवंडीइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. कल्याणच्या खाडीच्या आधाराने वाढलेला हा परिसर प्रथम लाकडाचा आणि नंतर सुताचा. पेरिप्लसमध्ये उल्लेखिलेले कल्लिएना म्हणजे शेजारचे कल्याण. त्याच ग्रंथात पश्चिम भारतातून इराणी आखातातील बंदरांकडे सागवान, शिसव आणि आबनूस जात असल्याची नोंद आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि पुढे याच खाडीकाठी स्वराज्याच्या गलबतांच्या बांधणीला आरंभ झाला. मागे डोंगरातले सागाचे रान आणि पुढे खाडी, ही भूगोलाची देणगी त्यामागे होती. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर येथे स्थिरावले, १९३० च्या सुमारास यंत्रमाग आले, आणि भिवंडीची ओळख कायमची बदलली. पण धोट्याच्या मागाला कांडी लागते, आणि कांडी ही कातकामाचीच वस्तू आहे: एका टोकाला जाड, दुसरीकडे निमुळती होत जाणारी, गुंडाळलेले आडवे सूत घसरू नये म्हणून अंगावर बारीक खाचा असलेली. जिला कोणी शोभेची वस्तू म्हणणार नाही अशी ही एक कातीव वस्तू, आणि तिच्यावर शहराचे पोट चालले. आता धोटा नसलेले माग आले, आणि जेथे धोटा उरला तेथेही लाकडाची जागा बऱ्याच अंशी प्लॅस्टिकने घेतली.

कातारी विस्मृतीत जाण्याचे एक कारण गावगाड्याच्या रचनेत शोधता येईल. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाही. शेतीच्या अवजारांसाठी सुताराची गरज रोजची होती. कातलेल्या वस्तूंची गरज प्रसंगाची असते. लाटणे वर्षानुवर्षे टिकते, पाळणा बाळंतपणाला लागतो, देव्हारा एकदाच होतो, भोवरा जत्रेत घेतला जातो. त्यामुळे हा धंदा गावापेक्षा पेठेत आणि संस्थानी आश्रयात वाढणारा. संतमंडळाच्या परिचित नामावळीतही कुंभार, सोनार, शिंपी, न्हावी, माळी यांचे व्यवसाय अभंगांतील रूपकांचे द्रव्य झाले. चाक, मुशी, सुई, वस्तरा, मळा यांना पारमार्थिक अर्थ मिळाला. लेथला तो मिळाला नाही. म्हणून ‘कातीव’ हे आपल्याकडे रूपक म्हणून न येता नुसते विशेषण म्हणून आले. त्यामागची क्रिया कोणी डोळ्यांसमोर आणलीच नाही.

ती क्रिया डोळ्यांसमोर आणायची असेल तर सावंतवाडीला जावे लागते. तेथील चितारआळीत आजही लाकडी फळे, खेळणी, पाट आणि पाळणे विकले जातात. सावंत-भोसले संस्थानच्या आश्रयाने वाढलेली ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्षीण होत चालली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना जागा देऊन तिला पुन्हा उभे केले. खेळण्यांसाठी पांगाऱ्यासारखे मऊ, हलके लाकूड घ्यायचे, ते फिरवत ठेवायचे, गोल पटाशीने आधी ओबडधोबड आकार काढायचा आणि सपाट पटाशीने साफ करायचा. विजेची मोटर येण्यापूर्वी लाकडाला दोरीचा वेढा देऊन ती कमानीने किंवा हाताने पुढेमागे ओढली जाई. लाकूड उलटसुलट फिरे, आणि ते आपल्याकडे फिरत असतानाच हत्यार लावायचे, परत जाताना किंचित मागे घ्यायचे. लाखकामाची पारंपरिक रीत तर लेथवाचून शक्यच नाही. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगावर बसते, आणि केवड्याच्या पानाने ती घोटली की चकाकी येते. रंग लाकडावर चढतो तो कारागिराच्या मनगटातून आणि वेगातून.

येथवर पाहिलेल्या वस्तू अखंड लाकडाच्या आहेत. पण पाळण्याकडे नीट पाहिले तर एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. पाळणा म्हणजे कातलेल्या कित्येक दांड्यांची, मण्यांची आणि बोंडांची जुळणी. पेशवाईतील वाड्यांचे सुरूचे खांब पाहा. पुण्यातील विश्रामबागवाड्यात किंवा मेणवलीच्या नाना फडणिसांच्या वाड्यात खाली दगडाचा तळखडा, त्यावर सागाचा खांब, वर कमानीच्या महिरपी आणि केळफुले असे वेगवेगळे घडवलेले भाग एकमेकांत कुसवांनी बसवलेले असतात. घरातली पितळी समईदेखील बैठक, दांडा, दिवा आणि शेंडा अशी तुकड्यांनी ओतून, लेथवर साफ करून, आट्यांनी जोडलेली असते. ज्या वस्तूंना पाहून आपण ‘कातीव’ म्हणतो त्यांतील बऱ्याचशा अशा सांध्यांवर उभ्या आहेत.

दगडातही हेच दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला आजही लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. तेथील एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या वर्धकीने, म्हणजे सुताराने, प्रवेशाचे काम केल्याची नोंद आहे. दगडाच्या लेण्यात सुताराचे नाव कोरलेले असावे, ही गोष्ट लाकडाच्या कारागिरीतून दगडाचे शिल्प कसे आले हे सांगायला पुरेशी आहे. पुढे बाराव्या-तेराव्या शतकात शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात या परंपरेचे परिपक्व रूप दिसते. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत, वर छताच्या मध्यभागी गोल मोकळे आकाश आहे, आणि त्या वर्तुळाखाली १२ खांबांचे आतले कडे आहे. खांबांवरील वलये इतकी नेमकी आहेत की ती पाहताना लेथची आठवण अपरिहार्य ठरते. कर्नाटकातील उत्तर चालुक्य आणि होयसळ मंदिरांतील खांबांशी त्यांचे नाते उघड आहे. आणि हे खांबही बैठक, दंड, शीर्ष अशा भागांचे आहेत. दुरून अखंड वाटणारी गोलाई जवळ गेल्यावर आडव्या सांध्यांच्या रेषा दाखवते.

जोडून घडवण्याची ही रीत अगदी टोकाला नेली की लाकडी तुकड्यांचे कातीव शिल्प तयार होते. सागवान, शिसव आणि हेद अशा वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे लहान तुकडे कापून त्यांची कडी करायची, कडी एकावर एक चिकटवून ठोकळा उभारायचा, आणि मग तो लेथवर चढवून त्यातून कुंभ, कलश किंवा निव्वळ अमूर्त आकार काढायचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या केंट परगण्यात टनब्रिजच्या कारागिरांनी रंगीत काड्यांचे जुडगे चिकटवून ते कातण्याची पद्धत रूढ केली. मुंबईत त्याच शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ज्या पेट्या विलायतेला जात त्यांच्यावरील सादेलीचे काम याच तत्त्वावर चाले. हस्तिदंत, आबनूस, रंगीत लाकूड आणि कथील यांच्या बारीक त्रिकोणी व चौकोनी काड्या एकत्र चिकटवायच्या, त्या जुडग्याच्या आडव्या पातळ चकत्या काढायच्या, आणि त्या चकत्या पेटीवर बसवायच्या. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ही कला शीराझहून सिंधमार्गे इकडे आल्याचे म्हटले आहे. नक्षी येथे पृष्ठभागावर काढलेली नसते. ती आतूनच असते, आणि कापल्यावर प्रकट होते.

अखंड लाकूड असताना इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड तोडल्यानंतरही हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. वर्षवलयांच्या अंगाने ते जितके आकसते त्याच्या साधारण निम्मे गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसते, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. म्हणून ओंडक्याची आडवी चकती वाळताना हटकून तडकते. कोकणातल्या पावसाळ्यानंतरच्या उन्हात हे कोणीही पाहू शकतो. तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक तुकड्याचे रेषे परिघाच्या दिशेने ठेवलेले असतात. त्यामुळे आकुंचनाचा ताण एका जागी साठत नाही, आणि हत्यारालाही सगळीकडे लाकडाची बाजूच लागते, आडवे छेदलेले तोंड लागत नाही. टिकाऊपणा येथे सांध्यांमुळे येतो.

हे काम गणिताला फार कठोर आहे. एका कड्यात १२ तुकडे असतील तर प्रत्येकाची दोन्ही टोके १५ अंशांत कापावी लागतात. त्यात दर कापामागे केवळ अर्ध्या अंशाची चूक झाली तरी २४ कापांत ती १२ अंशांची होते, आणि शेवटचा तुकडा बसायला येतो तेव्हा फट उघडी पडते. प्रत्येक सांधा वेगळा पाहिला तर निर्दोष दिसतो. दोष शेवटी, सगळ्यांचा मिळून, दिसतो. २० कड्यांचे शिल्प म्हणजे २४० तुकडे. वरचे कडे ठेवताना त्याचे सांधे खालच्या तुकड्यांच्या मध्यावर येतील असे ठेवायचे, विटांच्या बांधकामात ठेवतात तसे. याला कारण आहे. कड्यातले तुकडे टोकांना एकमेकांशी जोडलेले असतात आणि टोकाचा सांधा सरसाने फारसा घट्ट धरत नाही. कड्याला खरा आधार वरच्या आणि खालच्या कड्याच्या सपाट पृष्ठाचा असतो. मग ठोकळा फिरू लागतो. वजन एका बाजूला जास्त झाले तर तो थरथरतो. पटाशी घट्ट धरून, हात टेकवून, आतून-बाहेरून भिंत पातळ करत जायचे. दोनशे तुकड्यांवर घेतलेली मेहनत एका चुकलेल्या फटकाऱ्यात उडून जाऊ शकते, आणि कातताना काढलेले लाकूड परत लावता येत नाही.

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल असे घटकांतील संबंधांचे तीन प्रकार मानले. तुकड्यांच्या कातीव शिल्पात हे तिन्ही हाताला लागतात. एका जातीच्या लाकडाची कडी म्हणजे संवाद, काळ्या शिसवीशेजारी पिवळा हेद म्हणजे विरोध, आणि समतोल तर अक्षरशः वजनाचा, कारण त्यावाचून ठोकळा फिरतच नाही. मर्ढेकरांच्या मांडणीत सौंदर्य घटकांच्या संबंधांत आहे. संबंध मानायचे तर घटक वेगळे राहिले पाहिजेत. पण नंतरच्या व्यवहारी समीक्षेत ‘सेंद्रिय एकता’ हा शब्दप्रयोग इतका सैल झाला की घटक वेगळे दिसणे हाच दोष मानला जाऊ लागला, आणि ‘कातीव’ हे विशेषण या गैरसमजाच्या सेवेला लागले.

आपल्या वाङ्मयाच्या आरंभीच दोन वेगळे आदर्श उभे आहेत. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेले लीळाचरित्र हे जोडून घडवलेले पुस्तक आहे. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि लीळांच्या रूपाने एकापुढे एक ठेवल्या. मूळ प्रत हरपल्यावर शिष्यांनी पुन्हा स्मृतीतून ग्रंथ उभा केला, त्यातून निरनिराळे पाठ झाले, आणि एखाद्या प्रसंगाची वेगळी आठवण असेल तर ती ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदली गेली. सांधा लपवण्याऐवजी येथे तो प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून राखला आहे. दुसरा आदर्श शके १५०६ मधला, म्हणजे इ.स. १५८४ चा. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी पदरची ओवी त्यात घालू नये अशी ताकीद दिली. तेथे अखंडत्व हे मूल्य आहे, आणि ते राखण्यासाठी आधी कोणते तुकडे परके हे ओळखावे लागले. दोघांनाही सांधे कोठे आहेत हे नेमके ठाऊक होते. आपण त्यांतील दुसऱ्या आदर्शाची केवळ गुळगुळीत बाजू उचलली.

याचा परिणाम वर्गात दिसतो. पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी एखाद्या कादंबरीला ‘विस्कळीत’ म्हणतो तेव्हा बरेचदा त्याला इतकेच म्हणायचे असते की तिच्यात जोड दिसतात. ते जोड भार वाहतात की नुसतेच उघडे पडले आहेत, हा प्रश्न विचारायची सवय आपण त्याला लावलेली नसते. तो विचारायला कातकामाची भाषा उपयोगी पडेल. हा सांधा खालच्या सांध्यावरच आला आहे का, की मध्यावर? या तुकड्याचे रेषे कोणत्या दिशेने आहेत? अर्ध्या अर्ध्या अंशाच्या चुका कोठे साठत गेल्या? दलित आत्मकथनांच्या प्रसंगांनी बनलेल्या रचनेवर, किंवा ग्रामीण कादंबरीतील बोली आणि प्रमाणभाषा यांच्या सांध्यांवर जे शेरे मारले गेले, ते या प्रश्नांसमोर ठेवून पुन्हा तपासण्यासारखे आहेत. लाकूड कोणते आणि कोठून आले हे दिसणे तेथे रचनेचाच भाग आहे.

कातारी हा शब्द आता बोलण्यात उरलेला नाही. कारखान्यात ‘टर्नर’ असतो, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्याच नावाचा अभ्यासक्रम असतो, आणि तो लाकडापेक्षा धातू कातायला शिकतो. सुताराच्या दुकानात ‘लेथ’ हाच शब्द चालतो. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. कामे बदलली की कामाचे शब्दही बदलतात. परंतु ज्याचे नाव आपण विसरलो त्याच्या कामाची प्रशंसा मात्र आपण उसनी घेतलेली आहे, आणि उसन्या शब्दाचा अर्थ तरी नीट ठेवला पाहिजे. एखाद्या रचनेला कातीव म्हणायचे असेल तर ती किती तुकड्यांची आहे, कोणत्या लाकडांची आहे आणि कोठे जोडली आहे, हे सांगण्याची तयारी हवी. तेवढे सांगता येत नसेल तर ‘गुळगुळीत’ हा शब्द मराठीत आहेच.